तुस्कानोंच्या बरणीतलं भांडण

करमळवाडीत पानाफुलांची वाइन भांडणाशिवाय आंबत नाही.

बाकी कृती चारचौघांसारखीच आहे. टेकडीवरून धायटीची लाल फुलं खुडून आणायची, झाडाखाली पडलेली मोहाची फुलं वेचायची, जांभळीची कोवळी तांबूस पालवी घ्यायची, सगळं गुळाच्या पाण्यात बुडवायचं आणि बरणीच्या तोंडाला फडकं बांधायचं. दुसऱ्या गावात एवढ्यावर भागतं, चौथ्या दिवशी फेस येतो. करमळवाडीत चौथ्या दिवशी काही येत नाही आणि चाळिसाव्या दिवशीही नाही. इथे बरणीसमोर दोन माणसांनी उभं राहून भांडावं लागतं. भांडण खरं लागतं; खोट्या भांडणाला बुरशी धरते. आणि समोरून उत्तर यावं लागतं. ज्या रागाला उत्तर येत नाही त्याचा आंबट शिरका होतो, मग तो राग कितीही खरा असो.

यात हसण्यासारखं काही नाही. गावाने आपलं सगळं जगणं त्याप्रमाणे बसवून घेतलं आहे. उपवासकाळात भांडायला फादरांची मनाई, म्हणून बरण्या ईस्टरच्या दुपारी भरतात आणि चाळिसाव्या दिवशी, स्वर्गारोहणाच्या गुरुवारी उघडतात. तेवढे दिवस गावात कोणी पाहुणा बोलवत नाही. फोनवरचं भांडण चालत नाही. गावातल्या रुमावांनी एकदा कतारला असलेल्या मुलाशी फोनवर भांडून पाहिलं, तर आवाज जिथे तुटला तिथेच फेस बसला. ग्रामपंचायतीत भांडणांचं रजिस्टर आहे. घर कुठलं, भांडणारा कोण, उत्तर देणारा कोण, विषय काय आणि भांडण मिटलं की नाही, असे त्याचे रकाने. ग्रामसेवक दर रविवारी घरोघर जाऊन बरणीला कान लावतो आणि लिहून घेतो.

जसिंता तुस्कानो ही या गावातली सगळ्यात चांगली वाइन करणारी बाई, आणि यंदा सगळ्यात जास्त संतापलेलीही तीच होती. तिचा नवरा इनास गेल्या जूनमध्ये वारला. त्याचं दुःख होतंच, पण ते तिनं नंतर बघायचं ठरवलं होतं. आधी राग. कारण इनास उत्तर न देता गेला होता.

इनासची एक खोड होती. जसिंतानं सोमवारी काही विचारलं की तो तिच्याकडे बघायचा, टोपी डोक्यावर घालायचा आणि वाडीत निघून जायचा. उत्तर मंगळवारी यायचं, दुपारी जेवताना, ताटातून मान वर न करता. तोवर जसिंता तो विषय विसरून दुसऱ्याच कामाला लागलेली असायची, आणि मग कालचा राग पुन्हा पहिल्यापासून यायचा. अडतीस वर्षं हे असं चाललं. एकेका भांडणाला ती दोनदा पेटायची, म्हणून तुस्कानोंची वाइन दुप्पट कडक असते असं गावात म्हणत. आलेल्या प्रत्येक ग्रामसेवकाला हे ठाऊक होतं. तुस्कानोंच्या पानावर उत्तराच्या रकान्यात ते ‘उत्तर उद्या’ असं लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी येऊन पुढचं भरायचे.

शेवटचं भांडण मिरगाच्या आदल्या आठवड्यातलं. सकाळी इनास कोयता घेऊन टेकडीवर गेला आणि तुस्कानोंच्या उतारावरची धायटी त्यानं छाटून टाकली. दोन पुरुष उंच वाढलेलं झुडूप होतं ते. जसिंता लग्न होऊन आली त्या आठवड्यात सासूनं तिला हाताला धरून तिथे नेलं होतं. इनास खांद्यावर फांद्यांचा भारा घेऊन अंगणात आला तेव्हा जसिंता चूल पेटवत होती.

“माझ्या धायटीला कोयता का लावलास?” तिनं विचारलं.

इनासनं भारा टाकला. हात धुतले. चहा घेतला.

“हात झडोत तुझे,” जसिंता म्हणाली.

इनासनं तिच्याकडे बघितलं, टोपी घातली, पण वाडीत गेला नाही. ओटीवरच्या खुर्चीत जाऊन बसला. तासाभरानं जसिंता कप उचलायला गेली तेव्हा तो गेलेला होता आणि कपात अर्धा चहा होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. जसिंता म्हणाली, “आणि उत्तर?” डॉक्टरांना वाटलं, बाईच्या मनावर परिणाम झालाय.

तेव्हापासून ती उतारावर गेली नव्हती. बोडका बुंधा बघायला मी जाणार नाही, असं तिनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. यंदाची धायटीची फुलं तिनं दगडखाणीच्या रस्त्यावरून आणली, धुळीची, अर्धी टोपली. अर्धीच, कारण गेली दोन वर्षं तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. हे तिनं जगात कुणालाही सांगितलं नव्हतं. केस ती मागच्या दाराशी बसून, मान गुडघ्यापर्यंत खाली घालून विंचरायची. कोणी विचारलंच, तर “हल्ली फुलंच कमी येतात” असं म्हणायची आणि वर तोंड करून म्हणायची.

ईस्टरच्या दुपारी तिनं एकटीनं बरणी भरली. बरणी चिनी मातीची, सासूच्या सासूची, पाण्याच्या हंड्याएवढी. ती कधी धुवायची नसते. तळाचा गाळ तसाच ठेवून त्यावर नवीन फुलं घालायची. तीन पिढ्यांची भांडणं त्या गाळात बसलेली होती, आणि घरात तेवढीच एक वस्तू होती जी जसिंतानं कधी कुणाला उचलू दिली नव्हती.

आठव्या दिवशी ग्रामसेवक श्रीरंग उंबरकर आले. हे गृहस्थ वाशीमकडचे, चाळिशीतले, दीड वर्षापूर्वी बदलून आलेले. हाताखाली रजिस्टर, खिशात दोन पेनं. त्यांनी चपला काढल्या, बरणीला कान लावला, आणि बराच वेळ तसेच राहिले.

“मावशी, घरात माणसं किती?”

“तुम्हाला डोळे आहेत ना, भाऊसाहेब?”

“मला दिसून चालत नाही. तुम्ही सांगावं लागतं.”

“एक.”

“भांडण चालू आहे?”

“रोज. सकाळी उठल्यापासून. घसा बसलाय माझा.”

“आणि उत्तर कोण देतं?”

जसिंतानं बरणीवरच्या फडक्याची गाठ आवळली. उंबरकरांनी सुस्कारा सोडला आणि रजिस्टरच्या मागच्या बाजूचा ठराव काढून वाचून दाखवला. ज्या घरात उत्तर देणारं माणूस नाही आणि चाळीस दिवसांत ज्याची बरणी आंबली नाही, ते घर ‘शांत घर’ म्हणून नोंदवावं. शांत घराची बरणी आणि फुलांचा उतार शेजारच्या भांडत्या घराला द्यावा, कारण दोन्ही वस्तू वापरात राहणं गावाच्या हिताचं आहे. शेजारचं घर म्हणजे रुमावांचं. बरणी धुऊन द्यावी, असंही ठरावात होतं.

“शांत घर?” जसिंता म्हणाली. “माझं? अडतीस वर्षांत या घरात एक दिवस शांततेत गेला असेल तर त्या तुमच्या रजिस्टरात दाखवा.”

उंबरकर पानं उलटत गेले. माणूस प्रामाणिक होता, त्याला काय करणार. “एक आहे, मावशी. अकरा जुलै एकोणीसशे चौऱ्याण्णव. दोघांनाही ताप होता, असा शेरा आहे.”

“मग?”

“मग काही नाही. तुम्ही दाखवा म्हणालात.”

ठरावात एक सोयही होती. एकट्या माणसाला ग्रामपंचायत उत्तर देणारा बदली माणूस पुरवते. ते पद सहा वर्षं रिकामं होतं आणि त्याचा जादा कार्यभार ग्रामसेवकाकडे होता. उंबरकरांनी आपल्याच नावापुढे सही केली आणि उद्यापासून रोज अकरा ते साडेअकरा भांडायला येतो असं सांगून चपला घातल्या.

ते गेले न गेले तोच कुंपणावरून फिलोमेना रुमाव बोलली. फिलोमेना आणि तिचा नवरा पंखा कुणाच्या बाजूला फिरवायचा यावरून एकोणीस वर्षं भांडत होती. त्यांची बरणी पाचव्याच दिवशी फडकं फेकून ओतू जायची.

“मी भांडते की तुझ्याशी, जसिंता. उगाच त्या बिचाऱ्या भाऊसाहेबांना कशाला त्रास?”

“तू हितसंबंधी आहेस.”

“असू दे की. मनापासून भांडेन.”

“काल संध्याकाळी माझ्या उतारावर दोरी घेऊन काय मापत होतीस तू?”

“घडी घालत होते दोरीची.”

“टेकडीवर जाऊन?”

फिलोमेना कुंपणाखाली दिसेनाशी झाली. जसिंताचं डोकं इतकं तापलं की तिनं त्या दिवशी जेवणसुद्धा केलं नाही. अंगणात फेऱ्या मारत ती इनासला बोलत राहिली. बरणी ढिम्म होती.

दुसऱ्या दिवशी ठीक अकराला उंबरकर हजर. जसिंतानं त्यांना बरणीच्या पलीकडे उभं केलं आणि सुरुवात केली.

“सहा महिने झाले, माझ्या घरासमोरचा खांबावरचा दिवा बंद आहे. मी तीन अर्ज केले. कुठे गेले ते अर्ज?”

“चूक झाली, मावशी,” उंबरकर म्हणाले.

“चूक झाली म्हणू नका. उत्तर द्या.”

“पण चूक झालीच आहे ना. तुमचं बरोबर आहे.”

“अहो, माझं बरोबर आहे ते मला माहीत आहे. तुम्ही उलट बोला. म्हणा, तुमच्या घरासमोर दिवा हवाच कशाला.”

उंबरकरांनी खिशातून पेन काढलं, ते वाक्य हातावर लिहून घेतलं आणि वाचलं. “तुमच्या घरासमोर दिवा हवाच कशाला, मावशी.” मग त्यांना वाईट वाटलं. ऑफिसात परत जाऊन त्यांनी दुपारीच दिव्याचं काम मार्गी लावलं, आणि संध्याकाळी दिवा लागला. म्हणजे भांडायला होता तोही विषय गेला.

दहा दिवस हा तमाशा चालला. वाशीमला उंबरकरांचं सहा भावांचं घर होतं आणि त्या घरात कोणी कधी आवाज चढवला नव्हता. बायकोही त्यांना तशीच मिळाली होती. जसिंतानं त्यांना बहिरा म्हणून पाहिलं, दगड म्हणून पाहिलं. शेवटी, तुमच्या आईनं तुम्हाला दुधाऐवजी ताक पाजलं होतं का, असंही विचारलं. उंबरकर म्हणाले, आईला विचारून सांगतो. आणि त्यांनी खरंच फोन लावला. अठराव्या दिवशी बरणीत बोटभर बुरशी आली. जसिंतानं ती चमच्यानं काढून अंगणात फेकली आणि तो चमचाही फेकला.

हा माणूस चांगला होता. पण चांगुलपणाचा माणसाला किती संताप येऊ शकतो, हे ज्यानं असल्या माणसाशी भांडून बघितलंय त्यालाच कळेल. जसिंताला रडू यायचं ते याच वेळी यायचं, अकरा ते साडेअकरात. इनासही उलट बोलायचा नाही, पण तो निदान दुसऱ्या दिवशी तरी बोलायचा. त्याचं एक वाक्य आलं की आपण कुणाशी तरी बोललो होतो असं वाटायचं. आता ती जे बोलत होती ते भिंतीला लागून तिच्याच अंगावर येत होतं. दहा महिन्यांत तिला ‘तुझं बरोबर आहे’ असं सगळ्यांनीच सांगितलं होतं, फादरांनी, डॉक्टरांनी, आणि आता या भाऊसाहेबांनी. कुणी एकानं, “नाही, चूक तुझी,” असं म्हटलं असतं तर तिला रात्री झोप लागली असती.

एकोणतिसाव्या दिवशी उंबरकरांनी बरणीवरचं फडकं सोडलं आणि नाक आत घातलं.

“शिरक्याकडे कल आहे,” ते म्हणाले, आणि तसं लिहिलं. मग रजिस्टर मिटून हळू आवाजात म्हणाले, “मावशी, परवा उताराचा पंचनामा करावा लागेल. रुमावांना द्यायच्या आधी काय काय आहे ते लिहून घ्यायचं असतं. कब्जेदार हजर लागतो.”

“मी येणार नाही. तिथे बघण्यासारखं काही ठेवलेलं नाही त्यानं.”

“नाही आलात तर ‘गैरहजर’ असं लिहावं लागेल.”

जसिंता तुस्कानो आयुष्यात कुठेही गैरहजर राहिली नव्हती. एकतिसाव्या दिवशी सकाळी छत्री घेऊन ती टेकडी चढली. तिच्या मागे उंबरकर, आणि दोघांच्या बऱ्याच मागे, शेळी शोधायला म्हणून, फिलोमेना. रुमावांकडे शेळी नव्हती.

मे महिन्याचं ऊन होतं. उतारावर पोचल्यावर जसिंता खाडीकडे तोंड करून उभी राहिली आणि धायटीकडे पाठ केली. उंबरकर लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होते. तशी त्यांची सवयच होती.

“मोह, दोन. जांभूळ, एक, मोठं. दगडी बांध, एका ठिकाणी ढासळलेला. धायटी, एक.” मग ते खाली बसले असावेत, कारण आवाज खालून यायला लागला. “बुंधा जमिनीपासून वीतभर उंचीवर छाटलेला. छाट तिरपी, एका घावाची, पाणी साचू नये अशी. भोवती आळं केलेलं, त्यात शेणखत. आळं जुनं आहे, गेल्या पावसाआधीचं. नवे फुटवे, मोजतो हं, तेवीस. उंची कमरेपर्यंत. हंगाम संपत आला तरी फुलं भरपूर. फुलं हाताशी.”

“काय म्हणालात?” जसिंतानं विचारलं. ती अजून खाडीकडेच बघत होती.

“फुलं हाताशी. म्हणजे हात वर न करता खुडता येतील अशी. पंचनाम्यात तसं लिहितात.”

जसिंता वळली.

धायटी तिच्या कमरेइतकी होती. बुंध्यापासून चारी बाजूंना फुटवे आलेले, आणि प्रत्येक फुटवा खालपासून शेंड्यापर्यंत लाल. ती पुढे गेली आणि तिनं उजवा हात लांब केला. वर नाही, नुसता पुढे. फुलं बोटांत आली. खांदा जिथल्या तिथे होता आणि दुखला नाही.

तिला समजायला फार वेळ लागला नाही. चांगलं उंच झुडूप कोणी उगाच मुळाशी छाटत नाही, आणि छाटलं तर आळं करून खत घालत नाही. इनासनं धायटी मारली नव्हती. त्यानं ती खाली आणली होती, तिच्या हातापर्यंत. आणि हे त्यानं सांगितलं नव्हतं, कारण ते तो दुसऱ्या दिवशी सांगणार होता, दुपारी, जेवताना.

अशा वेळी माणसाचा राग जातो, असं कोणी म्हणेल. जसिंताचा गेला नाही. उलट असा राग तिला अडतीस वर्षांत कधी आला नव्हता. तिनं पदराचा ओचा केला, तेवीसच्या तेवीस फुटवे ओरबाडले, छत्री तिथेच टाकली आणि ती टेकडी उतरायला लागली. वाटेत फिलोमेना आडवी आली आणि काहीतरी बोलणार होती. जसिंताचं तोंड बघून ती बाजूच्या करवंदीच्या जाळीत शिरली.

घरात येऊन तिनं फडकं ओढून काढलं, पदरातली फुलं बरणीत ओतली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. उंबरकर धापा टाकत दारात येऊन उभे राहिले. पावणेबारा वाजले होते, म्हणजे त्यांची वेळ संपलेली होती.

“इनास,” जसिंता म्हणाली, “तोंड होतं ना तुला? एक वाक्य. तुझ्यासाठी छाटली, एवढंच. चहा पिताना बोलता आलं असतं. कप खाली ठेवताना बोलता आलं असतं. पण नाही, तुला उद्याच पाहिजे. अडतीस वर्षं मी तुझ्या उद्याची वाट बघितली, आणि ज्या दिवशी तुझ्याकडे उद्या नव्हता त्या दिवशीसुद्धा तू गप्प बसलास. मी तुला काय म्हणाले ते आठवतं? हात झडोत म्हणाले. तेच ऐकून तू गेलास. मला ते परत घेऊ दिलं नाहीस. अकरा महिने मी ते तोंडात घेऊन फिरतेय, चर्चमध्ये मिस्सेला जाते तिथेसुद्धा तेच येतं. त्याच हातांनी आळं केलं होतंस, हे मला आज कळतंय, आणि तेसुद्धा पंचायतीकडून. लाज नाही वाटत? मी तुझी बायको होते की ऑफिस होते, पत्राचं उत्तर सवडीनं द्यायला?”

ती थांबली, कारण दम संपला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते ती पुसत नव्हती.

मग बरणीत एक बुडबुडा आला. एकच. जेवताना खाली मान घालून कोणी बोलावं तसा, सावकाश. जसिंता बरणीकडे बघत राहिली. दुसरा आला. मग तिसरा, आणि मग सगळी फुलं आतल्या आत फिरायला लागली आणि तांबूस फेस गळ्यापर्यंत चढला.

उंबरकरांनी चपला काढल्या, आत येऊन बरणीला कान लावला आणि बराच वेळ ऐकलं.

“उत्तर आलं, मावशी.”

“काय म्हणतोय?”

“ते आमच्या कक्षेत येत नाही. आलं, एवढंच मी नोंदवतो.” त्यांनी रजिस्टर उघडून तारीख टाकली. मग मागची पानं चाळून म्हणाले, “यापूर्वीचा सगळ्यात मोठा उशीर नऊ दिवसांचा आहे. नारळाच्या रोपांवरून.”

“ते भांडण अजून मिटलेलं नाही,” जसिंता म्हणाली, आणि तिनं फडकं बांधलं.

चाळिसाव्या दिवशी, स्वर्गारोहणाच्या गुरुवारी, मिस्सा झाल्यावर शाळेच्या पडवीत बरण्या उघडल्या. तुस्कानोंच्या बरणीची पाळी आली तेव्हा फिलोमेना रुमाव उठून उभी राहिली. घरात माणूस एक असताना उत्तर देणारा आला कुठून, असा तिचा लेखी आक्षेप होता. मेलेल्या माणसाचं उत्तर धरायचं ठरवलं तर उद्या गावातली सगळी कबरस्तानं भांडायला लागतील, असंही तिनं तोंडी सांगितलं. उताराची दोरी तिच्या पिशवीत होती.

“नाही,” उंबरकर म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. स्वतः उंबरकरांनाही आपण काय बोललो ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी घसा साफ केला.

“नाही, फिलोमेनाबाई. प्रश्न विचारला तेव्हा इनास तुस्कानो हयात होते. उत्तर उशिरा देण्याची त्यांची पद्धत या रजिस्टरात अडतीस वर्षं मान्य केलेली आहे. उशीर किती असावा याला मर्यादा घातलेली नाही. घालायला हवी होती, पण घातलेली नाही. आक्षेप फेटाळला. बसा.”

फिलोमेना बसली. प्रथेप्रमाणे पहिला पेला शेजारणीला देतात, म्हणून तो तिलाच मिळाला. तिनं एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि तिला इतका ठसका लागला की दोघींनी पाठीवर थापा मारल्या.

“इनासचीच आहे,” ती म्हणाली, आणि पेला पूर्ण संपवला.

उंबरकरांनी शेवटचा रकाना काढला. “आता एकच राहिलं, मावशी. भांडण मिटलं का? मिटलं असेल तर तसं लिहितो. मात्र मिटलं असं लिहिलं की पुढच्या वर्षी घरात एकच माणूस आणि भांडण शिल्लक नाही, असा अर्थ होतो. मग पुन्हा तो ठराव लागू होईल.”

“मिटलं?” जसिंता म्हणाली. “कोण म्हणतं मिटलं? लिहा, नवीन प्रश्न लिहा.”

उंबरकरांनी नवीन ओळ घेतली. जसिंता बरणीकडे वळली, तिनं एक हात बरणीच्या गळ्यावर ठेवला आणि आवाज चढवला. पडवीतल्या शेवटच्या माणसाला ऐकू आलं.

“माझा खांदा दुखतो हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुला कसं कळलं?”

उंबरकरांनी प्रश्न शब्दशः लिहिला, वाकून बरणीला कान लावला, आणि थोडा वेळ वाट बघितली. बरणी गप्प होती. मग त्यांनी उत्तराच्या रकान्यात ‘उत्तर उद्या’ असं लिहून शिक्का मारला.

वाइन बाटल्यांत भरून झाल्यावर जसिंता गाळासकट बरणी कडेवर घेऊन घरी गेली. कुणाला तिनं हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं दोन ताटं वाढली, बरणी समोर ठेवली आणि कपाळाला आठ्या घालून जेवायला बसली.